चौतीस पानांची सत्यप्रत

फजिती करून घ्यायला माणसाला फार मोठं काही करावं लागतं असं नाही. डोंगर चढावा, निवडणुकीला उभं राहावं, दुसरं लग्न करावं, यातलं काहीएक न करता, नुसतं खुर्चीवर बसून आणि मधूनमधून उठून, हेडक्लार्कसाहेबांनी साडेतीनशे माणसांसमोर जी करून घेतली तिला तोड नाही. त्यातून काम कोणतं, तर पानं उलटण्याचं. बावीस वर्षं नोकरीत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, हे ते स्वतःच छाती पुढे काढून सांगत.

साहेब विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात नोकरीला होते म्हणून त्यांना संगीत कळत होतं असं मात्र कुणी समजू नये. दवाखान्यातल्या पंख्याला काही औषधं कळत नाहीत. त्यांचं ऑफिस तळमजल्यावर आणि सरावाच्या खोल्या बरोबर डोक्यावर. त्यामुळे छतातून झिरपलेलं बरंचसं संगीत त्यांना पाठ होतं, पण विद्यार्थी जिथे चुकतो तिथपर्यंतच. चुकला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अशा शेकडो रचनांच्या सुरुवाती साहेबांना ठाऊक होत्या, शेवट एकीचाही नाही. वर्षाखेरच्या सुट्टीआधी विद्यालयाचे ओळीने पाच कार्यक्रम होत. त्यांची परिपत्रकं साहेब काढत, सभागृहाच्या किल्ल्यांची नोंद ठेवत, आणि पहिला सूर लागला की दार हलकेच लोटून घरी जात.

याच विद्यालयात त्यांची एकुलती एक लेक पियानो शिकत होती, आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पाचव्या, सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमात चाळीस जणांचा गायकवृंद गाणार आणि पियानोची साथ ती करणार, असं ठरलं होतं. ही साथ ऐकून मोठ्या बाई, म्हणजे विद्यालयाच्या प्रमुख, वृंदाच्या कायम साथीदाराची नेमणूक करणार होत्या. पगारी जागा एकच. ती मिळाली तर लेक पियानोपाशी; नाही मिळाली तर सुट्टी संपल्यावर पाणीपुरवठा खात्यात टायपिस्ट. ही दुसरी सोय साहेबांनी शब्द टाकून करून ठेवली होती. "बोटं चालतात ना? मग टायपिंगही चालेल," असं ते म्हणाले होते, आणि त्यावर लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना तिची पानं उलटणारी मैत्रीण गालगुंडाने आडवी झाली.

"मग आता गं?" आईने विचारलं.

"आता काय! बाकीचे सगळे एक तर गाताहेत, नाहीतर त्यांचे स्वतःचे कार्यक्रम आहेत. दोन्ही हात पियानोवर असताना मी पानं काय दातांनी उलटू?"

साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी आहे की."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हाला नोटेशन कुठे वाचता येतं?"

"वाचायचंय कुणाला? उलटायचंच आहे ना?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. लेकीने ते धरले, आणि ही बातमी जिन्यातून खालीवर पसरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. ते तासाभरात ओल्या स्पंजची डबी घेऊन हजर झाले. "कोरड्या बोटाने पान उलटणं म्हणजे नशिबावर हवाला," त्यांनी खुर्ची ओढत सांगितलं. "छत्तीस वर्षं तिकिटं हाताळली मी. एकदाही दोन चिकटून गेली नाहीत. अंगठा ओला, तर्जनी कोरडी. करून दाखवा." साहेबांनी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर करून दाखवलं. आडनावांची पंधरा पानं ओली झाल्यावर मास्तर म्हणाले, "जमेल तुम्हाला. हात सरकारी आहे."

समोरच्या काकूंचं म्हणणं वेगळंच. मंचावर काळा कोट हवा, नाहीतर लोकांना वाटेल विजेचं काम करायला माणूस आलाय. कोट त्यांनीच दिला, त्यांच्या मिस्टरांचा. मिस्टर अंगाने किरकोळ. साहेबांनी तो घातला आणि हात खाली ठेवले तोवर सगळं ठीक होतं. हात वर केला की बाही कोपराशी जाऊन थांबे. "मंचावर हात कशाला वर करायला लागतोय!" काकू म्हणाल्या. पानं उलटायला हातच वर करावा लागतो, ही गोष्ट त्या घटकेला तिथे कुणाच्याच लक्षात आली नाही.

सराव सुरू झाला. लेक म्हणाली, "मी मान हलवली की उलटायचं." सोपं होतं. पण ही पोरगी पियानोला बसली की मानेवर तिचा ताबा राहत नाही हे बापाला कुठे माहीत? पहिल्याच मिनिटात साहेबांनी चार पानं उलटली. मग ठरलं, ती "हं" म्हणेल. तर ती वाजवताना सतत गुणगुणते असं निघालं. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "बाबा, माझ्याकडे बघूच नका. कागदाकडे बघा. सूर वर चढले की टिंबं वर चढतात, उतरले की उतरतात. मुंग्यांच्या रांगेसारखं बोट ठेवून चालत राहा."

आणि काय सांगावं, साहेब चालायला लागले. ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास ते तिच्या डावीकडे बसत आणि मुंग्यांमागून जात. पहिल्या दिवशी वाटेत हरवत. सहाव्या दिवशी पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत तिच्याबरोबर पोचले, तेव्हा त्यांना परगावच्या स्टेशनावर ओळखीचा माणूस भेटावा तसा आनंद झाला. त्यांनी लगेच तक्ता केला: पान क्रमांक, शेवटच्या ओळीचा आकार, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "चढ", "उतार", "गर्दी", "एकटंच टिंब" असे शब्द होते. लेक तक्ता पाहून हसली. दोन दिवसांचा अबोला झाल्यापासून ती त्यांच्यासमोर प्रथमच हसली होती आणि साहेबांना ते फार बरं वाटलं.

घोडं पेंड खायला लागलं ते मंचावरच्या खुर्चीपाशी. मंजूर आराखड्यात चाळीस गायक, एक पियानो, एक स्टूल आणि मोठ्या बाई एवढंच सामान होतं. जादा खुर्ची आणि तीवर बसणारा शिक्षकेतर कर्मचारी यांना परवानगी हवी, आणि ती द्यायचा अधिकार हेडक्लार्कचा. तेव्हा साहेबांनी स्वतःच स्वतःला अर्ज केला. सहपत्र जोडलेलं नव्हतं म्हणून तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी सहपत्रासह पुन्हा केला आणि "विशेष बाब म्हणून" असा शेरा मारून मंजूर केला. ऑफिसातला ज्युनियर कारकून हे सगळं पाहत होता. "साहेब, तोंडीच नसतं का चाललं?" त्याने विचारलं. साहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

खरा घोळ पुढेच होता. स्वरलिपीचं पुस्तक ग्रंथालयाचं. वीस तारखेला वार्षिक साठा तपासणी, म्हणून झाडून सगळी पुस्तकं जमा करायची होती, कार्यक्रम बावीसला. साहेब ग्रंथपाल बाईंना भेटले, गोड बोलले, मग जरा कडक बोलले. ग्रंथपाल बाईंनी शांतपणे एक परिपत्रक पुढे केलं. "कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही शिफारशीवरून मुदतवाढ दिली जाणार नाही." खाली साहेबांचीच सही होती, आणि "कोणाच्याही" या शब्दाखाली त्यांनी स्वतः दोन रेघा ओढलेल्या होत्या.

"झेरॉक्स काढा ना बाबा," लेक म्हणाली. "वीसला सकाळी पुस्तकावर शेवटची तालीम आहे, मग मला लागणारच नाही ते. एकविसाला सभागृहात दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो. बावीसला मंचावर झेरॉक्स चालेल."

तिने एवढं सांगून विषय सोडला. दुसऱ्या कुठल्याही बापाने झेरॉक्स काढून हातात ठेवली असती. पण साहेबांच्या लेखी नुसती झेरॉक्स म्हणजे रद्दी. उद्या कुणी विचारलं की या कागदाला आधार काय, तर? त्यांनी कागद वाचवण्याच्या नियमाप्रमाणे चौतीस पानं पाठपोट काढली. पुस्तकात जी पानं समोरासमोर होती ती आता पाठीला पाठ लावून बसली. मग पंचने भोकं पाडून टॅगने घट्ट फाईल बांधली. मग विद्यालयाचा गोल शिक्का काढला, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत, "सत्यप्रत" असा ठसा उमटवून त्यावर लफ्फेदार सही केली. चौतीस शिक्के, चौतीस सह्या. शेवटी फाईल पाकिटात घालून, परीक्षेचे पेपर करतात तसं लाखेने सील केलं. लेकीने एकविसाला मागितली तर म्हणाले, "सुरक्षित आहे. मंचावरच फोडू." हे सगळं त्यांनी मायेने केलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बावीसला सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत लोक उभे होते. गायकवृंद आला, मोठ्या बाई आल्या, लेक आली आणि तिच्यामागून काखेत पाकीट धरून साहेब आले. टाळ्या वाजल्या. साहेबांनी थबकून, एक हात छातीशी नेऊन, सभागृहाला सावकाश नमस्कार केला. टाळ्या आपल्यासाठी नाहीत हे त्यांना दुसऱ्या नमस्कारानंतर कळलं. मग लाखेचं सील फोडायला दीड मिनिट गेलं. पहिल्या रांगेत बसलेल्या पोस्टमास्तरांनी खुणेने विचारलं, स्पंज? साहेबांनी खिशातून डबी काढून दाखवली.

फाईल पियानोवर ठेवली आणि ती आपणहून मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. टॅग असा बांधलेला होता की चौकशी समितीसमोरसुद्धा सुटला नसता. अखेर साहेबांनी उभं राहून, डावा हात लांब करून ती उघडी धरली. अशाच अवस्थेत त्यांना पुढची चाळीस मिनिटं काढायची होती. बाही कोपराशी गेली. मोठ्या बाईंनी हात उचलला आणि लेकीने सुरुवात केली.

पहिल्या तीन ओळी सुरेख गेल्या. चौथीच्या शेवटी लेकीचे डोळे विस्फारले.

"बाबा," ओठ न हलवता ती म्हणाली, "इथे काय आहे?"

"सत्यप्रत."

"त्याच्या खाली काय आहे?"

साहेबांनी वाकून पाहिलं. शिक्क्याच्या खाली शेवटचे दोन ठोके ठार बुडाले होते, आणि जे काही काठाने तरंगत होतं त्यावरून सहीची वेलांटी गेली होती. त्यांच्या तक्त्यातला "चढ", "उतार" आणि "एकटंच टिंब", सगळं नेमकं तिथेच होतं. लेकीने आठवणीतून काहीतरी वाजवून ती दरी ओलांडली. साहेबांनी पान उलटलं, अर्थात उशिरा, कारण उलटण्याच्या जागा पाठपोट प्रकारात एकेका पानाने सरकल्या होत्या. पुढच्या पानावर पुन्हा शिक्का. पुन्हा दरी. दर पानाच्या टोकाला ती पोरगी कड्यावरून उडी मारत होती आणि कडा बापाने स्वतःच्या सहीने खणून ठेवला होता.

घामाने बोटं निसटायला लागली म्हणून साहेबांनी अंगठा स्पंजवर दाबला. मास्तर पहिल्या रांगेतून समाधानाने मान हलवत होते. ओला अंगठा जांभळ्या शिक्क्यावरून फिरला, शाई फुटली, अंगठा जांभळा झाला, आणि तिथून पुढे प्रत्येक पानावर सहीबरोबर अंगठाही उमटत गेला. मग कोटाची काखेतली शिवण उसवली. तो आवाज नेमका अशा जागी आला जिथे बाईंनी चाळीस जणांना श्वास घ्यायला थांबवलं होतं. काकू शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "जुनं कापड आहे हो, एरवी नसता फाटला."

आणि विसाव्या पानाशी व्हायचं ते झालं. शाईने आणि पाण्याने चिकटलेले दोन कागद एकदम उलटले गेले. साहेबांनी ते सोडवायचा प्रयत्न केला तर कोपरा फाटून हातात आला. समोर होतं ते पुढचं कुठलंतरी पान. लेकीचा उजवा हात क्षणभर थांबला. डावा कसाबसा चालू होता. वृंद गात होता, बाईंची नजर पियानोकडे वळली होती, आणि लेक कागदाकडे न बघता बापाकडे बघत होती. रागाने नव्हे. घाबरून. लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडताना बघायची तसं.

साहेबांना एवढंच कळलं की आता पान नाही. कागदच नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आणि तरी पुढचं त्यांना ऐकू येत होतं. आठवडाभर मुंग्यांच्या मागून चालता चालता रस्ता पायांना पाठ झाला होता. ते तिच्या कानाशी वाकले आणि हरवलेल्या पानाची सुरावट गुणगुणू लागले. आवाज जाडाभरडा आणि सूर अंदाजे, पण चढ तिथे चढ आणि उतार तिथे उतार. लेकीने चार स्वर ऐकले, धागा पकडला, आणि तिचा उजवा हात पुन्हा चालू लागला. तिथून शेवटपर्यंत तिने फाईलकडे फारसं पाहिलं नाही. साहेब पानं उलटत राहिले, कारण नेमणूक त्याच कामासाठी होती.

शेवटचा सूर विरला. हॉल दणाणला. साहेबांनी आयुष्यात प्रथमच सभागृहात एखादी रचना संपताना ऐकली होती, पण त्यांचं लक्ष मोठ्या बाईंकडे होतं. बाई फाईलकडे पाहत होत्या.

घरी जाताना पोस्टमास्तर तेवढे म्हणाले, "स्पंज जास्त भिजवला होतात." दार लावल्यावर, लेक आत गेल्याचं पाहून, बायकोने खालच्या आवाजात विचारलं, "अहो, खरं सांगा. मुद्दाम तर नाही ना केलंत? ते पाणीखात्याचं व्हावं म्हणून?"

साडेतीनशे माणसं हसली असती तरी साहेबांना एवढं लागलं नसतं. उसवलेला कोट अंगावर तसाच ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. बायकोचा प्रश्न चुकीचा होता, पण तो विचारावासा वाटला यात तिचा दोष नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं.

सकाळी ऑफिसात पोचल्याबरोबर त्यांनी दोन पत्रं लिहिली. पहिलं पाणीपुरवठा खात्याला: उमेदवार टायपिस्टच्या जागेसाठी उपलब्ध नाही, तिच्यासाठी टाकलेला शब्द कृपया परत घेण्यात यावा. ते त्यांनी आधी स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. दुसरं माफीपत्र, तीन प्रतींत. ते घेऊन ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाईंच्या टेबलावर फाईल उघडी होती, म्हणजे पेपरवेट ठेवून उघडी केलेली होती.

"बाई, यात मुलीची काही चूक नाही. शिक्के माझे आहेत."

"ते दिसतंय. अंगठेही तुमचेच आहेत." बाईंनी पान उलटलं. "चौतीस जागी कागदावर काही नाही. चौतीस जागी तिने भरून काढलंय. माझ्या चाळीस पोरांना पत्ता लागला नाही. कागद नीट असताना वाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत, साहेब. गाणारे कधी ओळ गाळतात, कधी दोनदा म्हणतात. मला कागद बिघडल्यावर न थांबणारी हवी होती. इतकी कडक परीक्षा मला स्वतःला घेता आली नसती."

साहेबांनी माफीपत्राच्या तिन्ही प्रती घडी करून खिशात घातल्या.

"आदेश काढा," बाई म्हणाल्या. "आणि वाजवताना तो मधे एक जाड आवाज येत होता, तो कुणाचा?"

"तपास करतो," साहेब म्हणाले.

आदेश काढायला ते आपल्या टेबलाशी आले, लेखणी उघडली आणि पुन्हा बंद केली. उमेदवार नात्यातला असेल तर कर्मचाऱ्याने ती फाईल हाताळू नये, दुसऱ्याकडे सोपवावी, असा नियम होता. साहेबांनी मुकाट्याने फाईल ज्युनियर कारकुनाच्या टेबलावर ठेवली, दाराबाहेर गेले आणि खिडकीसमोर लोक उभे राहतात तिथे जाऊन उभे राहिले. बावीस वर्षांत ही खिडकी बाहेरून कशी दिसते हे त्यांनी पाहिलं नव्हतं. बरीच उंच होती. टाचा उंचवाव्या लागत.

कारकुनाचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. त्याने फॉर्म काढला, सावकाश झटकला, पेनाचं टोपण शोधलं, मग पेन शोधलं.

"उमेदवाराच्या वतीने आलात का?"

"हो."

"उमेदवाराशी नातं?"

वरच्या खोलीत कुणीतरी वाजवत होतं. साहेबांनी जरा वेळ छताकडे पाहिलं. त्यांचा अंगठा अजून जांभळा होता.

"मी तिची पानं उलटतो," ते म्हणाले.

"असा रकाना नाही, साहेब." कारकून घुटमळला. "वडील लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले. "पण कंसात."